विजेरीचा एलईडी आणि सेल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचे शेत खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आहे. उसाला पाणी देण्यासाठी थ्री फेज वीज रात्रीच मिळते आणि दोन-अडीच तास बांधावरून फिरावे लागते. माझा भाऊ बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्याने ॲल्युमिनियमचा बार कातून विजेरीचे धड करून दिले आहे. त्यात कोणता एलईडी बसवावा : एसएफटी-४०, निचिया ५१९ए की क्रीचा एक्सएचपी ७०.२? शेताच्या टोकाला, ३०० मीटरवर गवे येतात, तेही दिसायला हवेत.
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आपल्या भागात विजेरीलाही बॅटरी म्हणतात आणि तिच्या आतल्या सेललाही, गोंधळ नको म्हणून येथे विजेरी आणि सेल असेच शब्द वापरतो. आपण एक विजेरी मागत असलात तरी गरज दोन विजेऱ्यांची आहे, आणि त्या एकीत कोंबू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पायापुढचा बांध पाहण्यासाठी पसरट आणि रंग खरे दाखवणारा प्रकाश लागतो, तर लांबचा गवा पाहण्यासाठी बारीक, घट्ट झोत लागतो.

आधी पायापुढचे पाहू, कारण जिवाला धोका तिथे अधिक आहे. उसाच्या पाचटावर घोणस बसली असेल, तर ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचे माप) आणि सत्तरच्या आसपास सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेल्या थंड पांढऱ्या प्रकाशात पाचट आणि साप दोन्ही सारखेच फिकट दिसतात. नव्वदच्या वर सीआरआय असलेला, ४००० ते ४५०० केल्व्हिनचा निचिया ५१९ए घेतल्यास पाचटाचा पिवळेपणा आणि सापाच्या अंगावरचा तांबूस तपकिरी रंग वेगवेगळे उमटतात. मी पाचटाच्या ढिगावर काथ्याचा एक जुना दोर टाकून दोन्ही विजेऱ्यांखाली पाहिला आहे. थंड प्रकाशात तो शोधावा लागला, ५१९एखाली पाहताक्षणी डोळ्यांत भरला. तितक्याच विजेवर ५१९ए काहीसे कमी ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश, देतो हे खरे, पण दहा-वीस टक्क्यांचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो आणि रंगातला फरक लगेच कळतो.

आता गव्यांकडे वळू. झोत किती लांब जाईल हे ल्युमेनवर नव्हे, कॅन्डेलावर, म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेवर ठरते. कॅन्डेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटरमधले अंतर मिळते. म्हणजे ३०० मीटरसाठी २२,५०० कॅन्डेला हवेत. मात्र या हिशोबात त्या अंतरावर फक्त पाव लक्स, म्हणजे स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड धरलेला असतो. गवा आहे की झुडूप हे ओळखायचे तर निम्मे अंतरच हिशोबात धरावे, आणि त्यासाठी कॅन्डेला चौपट लागतात. त्यामुळे लांबच्या विजेरीसाठी एसएफटी-४० योग्य आहे. त्याचा प्रकाश देणारा पृष्ठभाग लहान आहे आणि त्यावर घुमटासारखे पारदर्शक भिंग नाही, म्हणून खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये तो घट्ट झोत देतो. एक्सएचपी ७०.२चा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तो अंगण उजळून टाकतो, पण झोत लांब जात नाही. शिवाय गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये त्याच्या झोताच्या कडा पिवळट दिसतात. आपल्या कामासाठी तो मी सुचवणार नाही.

भावाला दोन गोष्टी आवर्जून सांगा. एलईडीला दिलेल्या विजेतला अर्ध्याहून अधिक भाग उष्णतेत जातो, म्हणून एलईडी ज्या कठड्यावर बसतो तो वेगळा करून ठोकून बसवण्यापेक्षा धडातूनच अखंड कातावा आणि तीन-चार मिलिमीटर जाड ठेवावा. एलईडीखाली तांब्याचा बोर्ड घ्यावा, ज्याचा मधला पॅड इन्सुलेशनचा थर न ठेवता थेट तांब्याला जोडलेला असतो. बोर्ड आणि कठडा यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर पुरतो. ५१९ए साडेतीन मिलिमीटरचा आणि एसएफटी-४० पाच मिलिमीटरचा आहे, त्यामुळे एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. धडाला ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवणे) करणार असाल तर ज्या टोकांतून आणि आट्यांतून वीज वाहणार आहे ती उघडी ठेवावीत, कारण तो थर वीज अडवतो.

प्रश्न : मी एक्सएचपी ७०.२ सहा व्होल्टच्या जोडणीत, एका सेलवर आणि तीन अँपिअरच्या बूस्ट ड्रायव्हरवर (सेलचा व्होल्टेज वाढवून एलईडीला देणाऱ्या सर्किटवर) चालवतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला सेल घातला तर मिनिटभरातच प्रकाश मंदावतो. बाजारात ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचे माप) लिहिलेले सेल स्वस्त मिळतात, ते घ्यावेत का?
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : ते मुळीच घेऊ नका. १८६५० आकाराच्या (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. ९९०० हा आकडा केवळ वेष्टनावर छापलेला असतो. असा एक सेल मी विकत घेतला होता. चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, हा ३० ग्रॅमदेखील भरला नाही.

आपल्या अडचणीचा हिशोब साधा आहे. एलईडीला सहा व्होल्टवर तीन अँपिअर, म्हणजे १८ वॅट लागतात. ड्रायव्हरमधली तूट धरून सेलकडून सुमारे २० वॅट खेचले जातात. सेल साडेतीन व्होल्टवर असताना हे ५.७ अँपिअर होतात आणि तीन व्होल्टवर आला की ६.७ अँपिअर. सेल उतरत जातो तसा बूस्ट ड्रायव्हर जास्त प्रवाह मागतो, आणि वापरून जुना झालेला लॅपटॉपचा सेल नेमका तिथेच कोसळतो. नव्या सेलमध्येही एमएएच जास्त म्हणजे सेल चांगला असे नसते. पॅनासॉनिकचा एनसीआर १८६५०बी ३४०० एमएएचचा असूनही पाच अँपिअरच्या आतलाच आहे. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा असून १५ अँपिअर देतो. आपण ३०क्यू किंवा मोलिसेलचा पी२८ए घ्यावा. नवे धड करणार असाल तर २१७०० आकार धरावा. मोलिसेलचा पी४२ए ४२०० एमएएच आणि ४५ अँपिअरचा आहे, आणि आपल्या २० वॅटच्या भाराखाली तो फारसा तापणारही नाही. सेल बदलूनही प्रकाश मंदावत राहिला तर शेपटीची स्प्रिंग तपासावी. बारीक पोलादी स्प्रिंगमध्ये बराच व्होल्टेज वाया जातो. तिला समांतर तांब्याची लवचीक तार डाखली (सोल्डर केली) की तूट पुष्कळ कमी होते.

हे सेल बहुधा संरक्षक सर्किटविना येतात, म्हणून २.८ व्होल्टच्या आसपास बंद होणारा ड्रायव्हर असावा. सेलचे वरचे टोक जवळून पाहा : मधली टिकली धन, आणि तिच्याभोवतीची कड ऋण, दोघांच्या मध्ये केवळ कागदाची एक गोल चकती आणि पातळ वेष्टन असते. ते वेष्टन फाटलेला सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवला तर तिथेच शॉर्ट होऊन भाजण्याइतका तापतो. असा सेल वापरू नका. नवे वेष्टन चढवायला काही रुपयेच लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर धुके असते. पिवळा एलईडी घेतल्यास धुक्यात जास्त लांबचे दिसेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने फार मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे पिवळ्या रंगाने अंतर वाढत नाही, डोळ्यांना त्रास मात्र थोडा कमी होतो. विजेरी डोळ्यांजवळ न धरता कमरेखाली धरावी आणि प्रकाश कमी करावा, म्हणजे समोर उभी राहणारी पांढरी भिंत बरीच विरळ होते. हेडलँप असेल तर तो डोक्यावरून काढून हातात घ्यावा.