जुना टू बीएचके विकायचाय, रविवारी लोक बघायला येणार. आधी काय करून घेऊ? (कोथरूड, फ्लॅट सध्या बंद)

आठवड्यात अख्ख्या घराला रंग काढायच्या फंदात पडू नका. ताज्या रंगाचा वास आला की घेणाऱ्याला आधी ओल झाकल्याचाच संशय येतो. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर फुगे येऊन पापुद्रे सुटतातच. आधी गळती बंद, मग भिंत खडखडीत कोरडी, मग रंग. तेवढा वेळ नसेल तर डाग तसाच राहू द्या आणि कारण सरळ सांगा.

बंद घरात खरी गोची वासाची. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं (पाणी साठून वास अडवणाऱ्या भागातलं) पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास थेट घरात येतो. आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत आणि सिंकमध्ये दोन-दोन तांबे पाणी ओता, फ्लश ओढा. वर रूम फ्रेशनर मारू नका, उगाच शंका वाढते.

नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, फडका भिजवून 15 मिनिटं गुंडाळा, धुवा. कडप्प्याच्या ओट्याला मात्र हे लागू देऊ नका, आम्लाने चकाकी जाते.

उडालेले बल्ब, ढिल्या बिजागऱ्या, फाटकी मच्छरजाळी हे अर्ध्या दिवसाचं काम.

बघायची वेळ सोसायटीच्या पाण्याच्या वेळेतलीच द्या. नळ सोडून बघणारे असतातच. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका.