खानचं युद्ध नेमकं झालं कधी?

तुमचा प्रश्न असा: 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथेच्या मूळ मालिकेनुसार, जनुकीय बदलांनी घडवलेला हुकूमशहा खान नूनियन सिंग याचं युद्ध १९९२ ते १९९६ या काळात झालं. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या मालिकेच्या २०२३च्या एका भागात तोच खान एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत लहान मुलगा म्हणून दिसतो. ग्रेग कॉक्सच्या 'स्टार ट्रेक' कादंबऱ्या तिसरंच सांगतात. मग खरं कुठलं धरायचं, आणि कादंबऱ्या वाचायच्या की सोडून द्यायच्या?

वाचायच्या. नक्की वाचायच्या.

नियम सोपा आहे. पडद्यावर आलं ते ग्राह्य, छापून आलं ते नाही. कादंबरीकाराने पडद्याशी जुळवून घ्यायचं, पडद्यावर तसं बंधन नाही. त्यामुळे पुस्तक आणि मालिका यांचं भांडण लगेच मिटतं. खरा गुंता होतो तो पडद्याचं पडद्याशीच जुळत नाही तेव्हा.

शेकडो वर्षं यानात झोपलेला खान जिथे पहिल्यांदा भेटतो, तो मूळ मालिकेतला 'स्पेस सीड' हा भाग फेब्रुवारी १९६७चा. लिहिणाऱ्यांसाठी १९९६ हे साल तीस वर्षं लांब होतं, म्हणून त्यांनी बिनधास्त तारीख टाकली. पुढे १९८२च्या चित्रपटात खान जहाजावरचा अधिकारी चेकॉव्ह याच्याकडे बघून म्हणतो की मी चेहरा विसरत नाही. पण चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या सीझनला, म्हणजे 'स्पेस सीड'नंतर! बहुतेक जण इथे हसून पुढे जातात. मी एकदा स्टारडेट, म्हणजे मालिकेतल्या कालगणनेच्या तारखा, काढून बसलो. 'कॅट्सपॉ' या भागात चेकॉव्ह आहे आणि त्याची स्टारडेट ३०१८.२ आहे, 'स्पेस सीड'ची ३१४१.९. 'कॅट्सपॉ' दाखवला नंतर, पण कथेत तो आधी घडतो. म्हणजे चेकॉव्ह तेव्हा जहाजावर होता, फक्त त्या भागात आपल्याला दिसला नाही. स्टारडेटचा हिशेब सगळीकडे इतका चोख नाही, पण इथे तो लागतो.

मग खरोखरचं १९९६ उजाडलं. त्याच वर्षी 'व्हॉयेजर' या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेतली मंडळी १९९६च्या लॉस एंजेलिसमध्ये उतरली, तर तिथे युद्धाचा मागमूस नाही. पण त्या भागातल्या खगोल अभ्यासक मुलीचं टेबल नीट बघा. तिथे डीवाय-१०० जातीच्या यानाची प्रतिकृती ठेवलेली आहे. खान ज्या 'बॉटनी बे'मधून पळाला, ते यान याच जातीचं. बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी आठवण होती, हे बघून मला आजही बरं वाटतं. १९९७मध्ये 'डीप स्पेस नाइन' या आणखी एका मालिकेतला ॲडमिरल हे युद्ध 'दोनशे वर्षांपूर्वी' झालं म्हणतो. ती मालिका चोविसाव्या शतकात घडते, त्या हिशेबाने युद्ध बाविसाव्या शतकात जातं. ती सरळ चूक होती, लेखक रोनाल्ड मूर यांनी तसं मान्यही केलंय. ती जुळवत बसू नका.

आता कॉक्स. २००१ आणि २००२ साली आलेल्या दोन खंडांत त्याने युद्ध १९९०च्या दशकातच ठेवलं, पण लपवून: जगाने ज्या सुट्या सुट्या घटना पाहिल्या, त्यांच्या आड हे चाललं होतं. आपल्यासाठी यातला पहिला खंड फार जवळचा आहे. राजस्थानच्या वाळवंटाखालची प्रयोगशाळा, आणि १९८४च्या दिल्लीतल्या शीखविरोधी दंगलीत सापडलेला कोवळा खान. १९६७च्या भागात काय होतं? जहाजावरची इतिहासतज्ज्ञ अंदाज करते, उत्तर भारतातला, बहुधा शीख. बस्स, एवढंच. पडद्याने त्या एका ओळीला कधी घर दिलं नाही, बालपण दिलं नाही. ते या कादंबरीने दिलं.

टोरांटोच्या भागात परग्रहावरच्या रोम्युलन लोकांची एक हेर सांगते की हे सगळं १९९२मध्येच घडायचं होतं, काळातल्या ढवळाढवळीमुळे पुढे ढकललं गेलं आणि मी तीस वर्षं इथे अडकून पडले. म्हणजे पडद्याच्या हिशेबाने कॉक्सचा खान बाद. हे उत्तर प्रामाणिक आहे, जुनी तारीख ते नाकारत नाही. तरी मला ते पूर्ण पटत नाही. उद्या कुठलीही तारीख याच वाटेने सरकवता येईल.

याहून मोठा धक्का २०२०मध्ये बसला. २००१पासून अनेक लेखकांनी मिळून कादंबऱ्यांची एकसंध पुढची कथा रचत आणली होती. 'पिकार्ड' ही नवी 'स्टार ट्रेक' मालिका आली आणि त्यातलं फारसं काही जुळेना. तेव्हा डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक यांनी २०२१मध्ये 'कोडा' ही तीन पुस्तकं लिहून आपल्या टाइमलाइनचा शेवट कथेतच केला. स्वतः वाढवलेल्या पात्रांना त्यांनी मानाने निरोप दिला. तिसरं पुस्तक मी मुद्दाम रोज थोडं थोडं वाचलं, संपू नये म्हणून.

क्रम विचाराल तर कथेतल्या सालांप्रमाणे लावू नका, ज्या क्रमाने बनलं त्याच क्रमाने घ्या: 'स्पेस सीड', १९८२चा चित्रपट, कॉक्सचे दोन खंड, शेवटी टोरांटो. तिथे खानच्या वंशातली ला'आन दार उघडते आणि आत एक घाबरलेला मुलगा उभा असतो. दिल्लीतला खान वाचून झालेला असेल, तर त्या खोलीत तुम्हाला दोन मुलगे दिसतील.