घर त्याचं, प्रत्यय कुणाचा?

तुर्की शिकणाऱ्या वाचकांचे या खेपेचे सगळे प्रश्न नामाच्या शेपटीबद्दलचे आहेत.

‘एवलेरिमिझदेन’ हा शब्द तोडायचा कुठे?

एव म्हणजे घर. त्याला लेर (अनेकवचन), इमिझ (आमचं), देन (‘-ऊन’): आमच्या घरांतून. आधी संख्या, मग मालक, शेवटी विभक्ती. हा क्रम बदलत नाही. आपल्यासारखं सामान्यरूपही करावं लागत नाही.

‘एविनदे’चा अर्थ शिक्षिका ‘तुझ्या घरात’ सांगतात, अ‍ॅप ‘तिच्या घरात’. चुकतंय कोण?

कोणीच नाही. एविन म्हणजे तुझं घर, त्याला दे (‘-त’) लागला. एवी म्हणजे त्याचं किंवा तिचं घर (तुर्कीत लिंगभेदच नाही). पण या एवीला विभक्ती लावताना मध्ये ‘न’ घुसतो, म्हणून तेही एविनदेच! नेमकं सांगायचं तर सेनिन एविनदे (तुझ्या) किंवा ओनुन एविनदे (त्याच्या) म्हणा. नाम स्वरान्त असेल तर ही भानगड नाही. केदी म्हणजे मांजर: केदिने तुझ्या मांजरीला, केदिसिने त्याच्या मांजरीला.

याच ओघात एक सांगतो. ‘अहमेतचं घर’ म्हणताना आपली मंडळी अहमेतला ‘चं’ लावतात आणि थांबतात. तुर्कीत घरालाही खूण हवी: अहमेत’इन एवी, म्हणजे जणू ‘अहमेतचं घर-त्याचं’. माझ्या वर्गात सर्वांत जास्त लाल शाई इथेच खर्च होते.

‘पाव खाल्ला’ म्हणजे एकमेक येदिम की एकमेई येदिम?

एकमेक म्हणजे पाव. वर्ग दरवेळी हसतोच. नुसता पाव खाल्ला तर एकमेक येदिम. तो ठरावीक, ठाऊक असलेला पाव खाल्ला तर एकमेई. मराठीत ‘मुलगी बघायला गेलो’ म्हटलं की कांदेपोहे आठवतात. ‘मुलीला बघायला गेलो’ म्हटलं तर ती कदाचित दवाखान्यात असते. फरक त्याच जातीचा. फक्त आपण पावाला ‘ला’ लावत नाही, तुर्क लावतात.

घरात ‘एवदे’, मग शाळेत ‘ओकुलदा’ का?

शेवटचा स्वर ए किंवा इ असला की दे. आ, ओ, उ असला की दा. शेवटी प, त, क यांसारखं कठोर व्यंजन आलं तर दचा त होतो: कितापता, पुस्तकात. विशेषनामाला प्रत्यय लावताना मध्ये अपॉस्ट्रॉफी द्यायची: इस्तांबुल’दा. ‘अहमेतला’ म्हणताना तोंडात अहमेदे येतं, लिहायचं मात्र अहमेत’ए.