बागेतल्या ताज्या पुदिन्यापासून घरी अर्क कसा करावा?

पुदिन्याचा सुगंध पानांतील तेलात असतो आणि हे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळते. म्हणून अर्कासाठी सुमारे 40 टक्के मद्यार्क असलेली साधी, बिनवासाची व्होडका घ्यावी. औद्योगिक किंवा जंतुनाशक म्हणून विकले जाणारे स्पिरिट विषारी असते, ते कधीही वापरू नये.

झाडाला फुले येण्याच्या बेतात असताना पानांत तेल भरपूर असते, त्यामुळे शक्यतो तेव्हाच, सकाळी दव सुकल्यावर, पाने खुडावीत. काळी पडलेली पाने व जाड देठ काढून टाकावेत आणि उरलेली पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत, कारण राहिलेल्या पाण्याने मद्यार्क सौम्य होतो. मग ती हातानेच हलकी चुरडून काचेच्या बरणीत सैलसर भरावीत आणि पूर्ण बुडतील इतकी व्होडका ओतावी. मिक्सरमध्ये वाटण्याचा मोह टाळलेला बरा, त्याने अर्क गढूळ आणि कडवट होतो.

झाकण घट्ट लावून बरणी अंधाऱ्या जागी ठेवावी, अधूनमधून हलवावी आणि दुसऱ्या आठवड्यापासून थेंबभर चव घेत राहावी. साधारण चार आठवड्यांत अर्क तयार होतो. त्याला गवतासारखा वास येऊ लागला, तर लगेच गाळावा. विकतच्या अर्कासारखा थंडगार झणका हवा असल्यास पेपरमिंट जातीचा पुदिना लावावा, कारण स्पिअरमिंट या पुदिन्याच्या दुसऱ्या जातीत थंडावा देणारे मेन्थॉल अत्यल्प असते.