आधी कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं म्हणते. माझा भाऊ सॅन होजेला असतो. त्याचं म्हणणं, पहिली दोन वर्षं तिथल्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) काढू दे, आमच्याकडे राहील, फी युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) फक्त 46 डॉलर. मग विद्यापीठात जाईल. थेट चार वर्षांच्या विद्यापीठात घालण्यापेक्षा हे बरं का?
– एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, राहण्याजेवणाचा खर्च नक्की वाचेल. फीचा हिशेब मात्र पुन्हा मांडा. 46 डॉलर हा दर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलगी मामाच्या घरी राहिली म्हणून रहिवासी ठरत नाही. तिला युनिटमागे काहीशे डॉलर अनिवासी शुल्क वेगळं पडेल. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायला 60 युनिटं लागतात (क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात 90), त्याने गुणून पाहा. तरीही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या फीपेक्षा हे बरंच कमी भरतं.

आपल्याकडे डिप्लोमा करून फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला जातात, तसंच हे वरवर दिसतं. पण तिथे एकेक विषय सुटा तपासला जातो, आणि खरी मेख तिथेच आहे. कॅल्क्युलसचे भाग, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स : यातले बरेचसे एकामागून एकच घेता येतात. सुरुवातीला प्रीकॅल्क्युलसला (कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीच्या विषयाला) बसवलं, किंवा एका सत्रात फिजिक्सच्या जागा भरल्या, की दोनाची तीन वर्षं होतात आणि वाचलेला पैसा तिथेच जातो. एफ-1वर सत्राला किमान 12 युनिटं लागतात आणि त्या बारांत ऑनलाइन विषय एकच धरतात, तेव्हा ती पळवाटही फारशी नाही. म्हणून निघण्यापूर्वीच गणिताचा सिलॅबस आणि मार्कशीट कॉलेजच्या काउन्सेलरला पाठवून कुठल्या विषयापासून सुरुवात होईल ते लेखी मागवा. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठे चालतो, त्याचे तक्ते 'असिस्ट' या संकेतस्थळावर आहेत. पहिल्या सत्राचे विषय ते बघूनच निवडावेत.

डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसवर कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना प्रवेशाची हमी देणारी योजना आहे. हमीचा अर्ज एकाच कॅम्पसला करता येतो; बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, सांता बार्बराचं इंजिनिअरिंगही नाही. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात भरायचा, म्हणजे हातात पहिल्याच वर्षाचे ग्रेड. रुळायला वेळ घेणाऱ्या मुलीला हे जड जातं.

थेट विद्यापीठात हॉस्टेल, प्रयोगशाळा, प्राध्यापकांची ओळख पहिल्या वर्षापासून मिळते. मागाहून आलेल्यांना पोचताक्षणीच इंटर्नशिपचे अर्ज भरायला लागावं लागतं. उलट कम्युनिटी कॉलेजचे वर्ग लहान असतात, आणि पाया घालायला ते फार मोलाचं आहे.

मुलीचं गणित पक्कं असेल, तर मामाचं घर असताना आम्ही कम्युनिटी कॉलेजच सुचवू. मात्र पैशांची सोय चारही वर्षांची करून ठेवा. दोन वर्षांनी परतावं लागलं, तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री आपल्याकडे पदवी म्हणून धरत नाहीत.