गाडी लीजवर घ्यायची, पण ब्रोकरकडून की डीलरकडून?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्या एका गाडीचं लीज दोन महिन्यांत संपतंय आणि नवीन एसयूव्ही परत लीजवरच घ्यायची आहे, स्टिकर प्राइस (कंपनीची छापील किंमत) साधारण ३६ हजार डॉलर. ओळखीतल्या एकांनी एका ब्रोकरचा नंबर दिला, तो म्हणतो ५०० डॉलर फी, शोरूमचं तोंड बघायची गरज नाही, गाडी दारात आणून देतो. नवरा म्हणतो मधला माणूस कशाला, आपण स्वतः डीलरकडे जाऊन घासाघीस करू. आणि पुण्याहून सासरे रोज फोनवर विचारतात की भाड्याची गाडी घ्यायचीच कशाला! नक्की काय करावं? — एक वाचक, एडिसन

उत्तर: सासऱ्यांच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण ते अगदीच चूक नाहीत. तुम्ही एक गाडी आठ-दहा वर्षं वापरणारे असाल, किंवा वर्षाला १५ हजार मैलांच्या वर गाडी पळत असेल, तर लीज हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, सरळ विकत घ्या. पण तीन वर्षांनी गाडी बदलायचीच आहे आणि वॉरंटीच्या बाहेरचे खर्च नको आहेत असं ठरलेलं असेल तर लीजमध्ये वाईट काही नाही, तेवढं सासऱ्यांना सांगा.

आता ब्रोकर. ब्रोकरकडे स्वतःची गाडी नसते. तो आठ-दहा डीलरांच्या फ्लीट मॅनेजर नाहीतर इंटरनेट मॅनेजरशी बोलून ठेवतो, दर महिन्याला त्यांना गिऱ्हाइकं देतो, आणि डीलरला कंपनीकडून अमुक गाड्या विकल्या तर अमुक बोनस असं टार्गेट असतं म्हणून तो ब्रोकरच्या गिऱ्हाइकाला कमी भावात गाडी द्यायला तयार होतो. तुम्ही सही करता ती डीलरच्या आणि लीज कंपनीच्या कागदावरच, ब्रोकर त्या कागदावर कुठेच नसतो. हे नीट लक्षात ठेवा, उद्या काही बिनसलं तर भांडायचं डीलरशी आणि लीज कंपनीशी.

म्हणून ब्रोकर की डीलर हे ठरवायच्या आधी मी म्हणेन कागदावरचे आकडे मागा, दोघांकडूनही, आणि तेच आकडे. महिन्याचा हप्ता विचारूच नका. हप्ता हे उत्तर आहे, गणित वेगळंच असतं. गाडीची ठरलेली किंमत किती, रेसिड्युअल किती (म्हणजे तीन वर्षांनी गाडीची किती किंमत धरली आहे), मनी फॅक्टर किती (म्हणजे लीजवरचं व्याज ज्या आकड्याने काढतात तो), आणि फिया कुठल्या कुठल्या.

तुमच्याच गाडीवर करून दाखवते. समजा ब्रोकरने ३३,५०० किंमत आणली. त्यात लीज कंपनीची अ‍ॅक्विझिशन फी (लीज सुरू करून देण्याची) ७०० धरली तर झाले ३४,२००. रेसिड्युअल ५८ टक्के धरू, ते नेहमी स्टिकर प्राइसवर काढतात, म्हणजे २०,८८०. दोन्हीतला फरक १३,३२०, भागिले ३६ महिने, ३७० डॉलर. ही गाडीची घट झाली. आता व्याज: ३४,२०० आणि २०,८८० यांची बेरीज करायची (हो, बेरीज, वजाबाकी नाही, इथे बरेच जण चुकतात) आणि मनी फॅक्टरने गुणायचं, तो ०.००२० असेल तर ११०. एकूण हप्ता ४८०, वर टॅक्स. मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की व्याजाचा दर कळतो, इथे ४.८ टक्के.

आता समजा तुम्ही स्वतः डीलरकडे गेलात, चांगली घासाघीस केलीत आणि ३४ हजारांवर आणलंत. मनी फॅक्टर तोच राहिला तर हप्ता ४९५ येतो. महिन्याला १५ जास्त, तीन वर्षांत साधारण ५४०. ब्रोकरची फी ५००! म्हणजे जवळपास फिटंफाट, आणि मग नवऱ्याचं म्हणणं बरोबर. पण डीलरने गाडी ३४ हजारांवर आणून वर मनी फॅक्टर ०.००२४ लावला, आणि तसा तो लावू शकतो, कारण लीज कंपनी जो दर देते त्याच्यावर थोडा चढवायची मुभा डीलरला बऱ्याचदा असते, तर हप्ता ५१७ होतो आणि तीन वर्षांत १३०० डॉलरच्या वर जास्त जातात. किमतीत जिंकलात आणि व्याजात हरलात. इथेच पाणी मुरतं. कायद्याने त्यांना एकूण रेंट चार्ज (म्हणजे पूर्ण मुदतीचं व्याज) किती ते लीजच्या कागदावर दाखवावंच लागतं, पण मनी फॅक्टर लिहून द्यायची सक्ती नाही, म्हणून तोंडाने विचारायचा, आणि सांगत नसतील तर रेंट चार्जवरून आपला आपण काढायचा.

माझं स्वतःचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. आमचं पहिलं लीज एका डीलरकडे केलं. शनिवारची संध्याकाळ, मुलगी कंटाळून मांडीवर झोपलेली, चार तास झालेले. सेल्समन दर वेळी आत मॅनेजरकडे जायचा आणि जाड मार्करने कागदावर नवीन आकडा लिहून आणायचा, ४२९, मग ४०९, मग ३८९. आम्ही म्हटलं ३८९ चालेल. घरी येऊन मुलीला झोपवलं आणि कागद काढून बसले तेव्हा दिसलं की वर्षाला १२ हजारांच्या जागी १० हजार मैल झाले होते आणि सहीच्या वेळी द्यायची रक्कम हजार डॉलरने वाढली होती. हप्ता उतरला तो असा. तीन वर्षांनी गाडी परत करताना जादाच्या मैलांचे मैलामागे २० सेंट भरले. आणि गाडीच्या व्यवहारात डीलरच्या ऑफिसात सही झाली की तीन दिवसांत रद्द करता येतं असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटलं होतं, तसं काही नसतं.

त्यामुळे मला विचाराल तर ज्यांना ते चार तास सहन होत नाहीत, ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत, ज्यांना कुठली गाडी, कुठला ट्रिम (त्या मॉडेलमधला साधा की महागडा प्रकार), कुठला रंग हे आधीच पक्कं माहीत आहे, त्यांनी चांगल्या ब्रोकरला ५०० द्यावेत, ते पैसे वाया जात नाहीत. पण जुनी गाडी ट्रेड-इन करायची आहे (म्हणजे डीलरला देऊन तिची किंमत नव्या गाडीत वळती करायची आहे), किंवा तुमच्या लीजच्या गाडीची बाजारात किंमत बायआउटपेक्षा (म्हणजे ती गाडी लीज कंपनीकडून विकत घ्यायच्या रकमेपेक्षा) जास्त आहे असं दिसतंय, तर डीलरकडे जा, ब्रोकर त्या भानगडीत सहसा पडत नाहीत. तुमचं लीज संपतच आलंय तर हे आधी तपासाच, बायआउटचा आकडा फोन करून मागवा. बऱ्याच लीज कंपन्या आता दुसऱ्या ब्रँडच्या डीलरला गाडी बायआउट करू देत नाहीत, त्यामुळे ती त्याच ब्रँडच्या डीलरकडे न्यावी लागेल.

ब्रोकरला पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडून डीलरचं नाव, गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) आणि सगळ्या फिया लिहिलेली लीज वर्कशीट ईमेलवर मागा. आणि सरळ विचारा, तुम्हाला डीलरकडून पण काही मिळतं का? मिळत असेल तर गुन्हा नाही, पण मग तो स्वस्तातली गाडी दाखवतोय की जास्त कमिशनवाली, हा विचार करायला हवा. वर्कशीट येत नसेल, आधी डिपॉझिट झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा म्हणत असेल, तर तिथेच थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे "३२९ ला गाडी" वाले आकडे बघून तर भुलूच नका, त्यात टॅक्स धरलेला नसतो, आधीच त्याच ब्रँडची गाडी असलेल्यांचा लॉयल्टी रिबेट धरलेला असतो, नुकतंच कॉलेज संपलेल्यांचा रिबेट धरलेला असतो, आणि तुम्ही यातले कोणीच नसता. तुमच्याकडे न्यू जर्सीत लीजवरचा सेल्स टॅक्स, ६.६२५ टक्के, पूर्ण मुदतीचा एकदम सुरुवातीलाच लागतो, म्हणजे वरच्या ४८० च्या हप्त्यावर साधारण ११४५ डॉलर. ब्रोकरच्या आकड्यात ते नाहीत म्हणून तो स्वस्त दिसतोय असं नको व्हायला. डॉक फीचंही (डीलर कागदपत्रांसाठी घेतो ती) तसंच, न्यू जर्सीत तिला कमाल मर्यादा नाही, दोन डीलरांच्या डॉक फीमध्ये काही शे डॉलरचा फरक असू शकतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, ब्रोकर असो की डीलर, हप्ता कमी करायला म्हणून तीन-चार हजार डॉलर डाउन भरू नका. गाडी दुसऱ्याच महिन्यात अपघातात टोटल झाली तर इन्शुरन्सचे पैसे गाडीच्या मालकाला म्हणजे लीज कंपनीला जातात, गॅप कव्हर (इन्शुरन्सची रक्कम आणि लीजची बाकी यांतला फरक भरणारं) असलं तरी ते उरलेलं कर्ज भागवतं, तुमचे डाउनचे पैसे परत येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं, गाडी घेऊन सहा आठवडे झाले होते.

अजून एक. टेस्ट ड्राइव्ह घ्यायला डीलरकडे जाल तर त्या सेल्समनला आधीच सांगा की आम्ही अजून फक्त बघतोय. तासभर त्याच्याकडून सगळं समजून घ्यायचं आणि गाडी मात्र ब्रोकरकडून घ्यायची हे मला तरी बरं वाटत नाही, ते लोक कमिशनवरच जगतात.

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियातून टेक्सासला, फ्रिस्कोला शिफ्ट झालो. तिकडे ब्रोकरकडून दोनदा लीज केलं, मस्त अनुभव होता. इथे ब्रोकरच सापडत नाही, का?

उत्तर: कारण टेक्सासमध्ये गाड्यांची ब्रोकरी करायला कायद्यानेच बंदी आहे. कॅलिफोर्नियात उलट, तिथे ब्रोकरला डीलरचं लायसन्स आणि त्यावर डीएमव्हीचं (राज्याच्या वाहन खात्याचं) ऑटोब्रोकरचं एन्डॉर्समेंट लागतं, म्हणजे निदान कोण खरा कोण खोटा हे तपासता येतं. टेक्सासमध्ये तुम्ही चार-पाच डीलरांच्या इंटरनेट मॅनेजरना एकच ईमेल पाठवा, गाडी, ट्रिम, मुदत, मैल सगळं लिहून, आणि वर सांगितलेले आकडे मागा, घरबसल्या तुम्हीच तुमचे ब्रोकर. पण तिथला टॅक्स विसरू नका: टेक्सासमध्ये टॅक्स हप्त्यावर नाही, गाडीच्या पूर्ण किमतीवर ६.२५ टक्के, आणि तो लीज करणाऱ्याच्याच माथी येतो. ३३,५०० च्या गाडीवर दोन हजारांच्या वर झाले. काही लीज कंपन्यांकडे टॅक्स क्रेडिट (या टॅक्समधून वजा होणारी रक्कम) असतात, ते लावता का म्हणून डीलरला स्पष्ट विचारा, आपणहून फार कमी जण सांगतात.

प्रश्न: मी एच-१बी वर चार महिन्यांपूर्वी आलोय, क्रेडिट हिस्टरी जेमतेम. ब्रोकर म्हणाला होऊन जाईल, पण मग हप्ता एकदम वाढवून सांगितला. फसवतोय का?

उत्तर: फसवतच असेल असं नाही. ब्रोकरचे जाहिरातीतले आकडे वरच्या क्रेडिट टियरचे (म्हणजे उत्तम क्रेडिट स्कोअर असलेल्यांचे) असतात, स्कोअर नसला की मनी फॅक्टर वाढतो किंवा सिक्युरिटी डिपॉझिट मागतात. तुमच्या बाबतीत मी थेट डीलरकडे जा म्हणेन, कारण काही कंपन्यांच्या फायनान्स विभागाकडे नवीन आलेल्या नोकरदारांसाठी वेगळी योजना असते आणि ती चालू आहे का हे डीलरचा फायनान्स मॅनेजरच नीट सांगू शकतो. सोबत आय-७९७ (एच-१बी मंजुरीची नोटीस), ऑफर लेटर, दोन-तीन पे स्टब आणि घराचं लीज ठेवा. आणि व्हिसाची मुदत दोन वर्षांची असेल तर ३६ महिन्यांचं लीज मागू नका, काही कंपन्या देणारच नाहीत, आणि दिलं तरी मध्येच भारतात परत जायची वेळ आली तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरावा लागू शकतो. लीज दुसऱ्याच्या नावावर करू देता का, हे सहीच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.