डायमेथिल अमाईन ट्रायमेथिलपेक्षा जास्त बेसिक कसं? इलेक्ट्रॉन ढकलणारे मेथिल तर ट्रायमध्ये जास्त आहेत. क्रम लक्षात ठेवायची युक्ती आहे का?

युक्ती आहे, पण त्या युक्तीनेच माझे तीन मार्क खाल्लेत.

बारावीला क्लासच्या सरांनी फळ्यावर वीतभर उंचीचे आकडे काढले होते. मेथिलला 213, इथिलला 231: आकडा म्हणजे अमोनियाच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच्या जागी बसलेले गट (1 मोनो, 2 डाय, 3 ट्राय), आणि प्रोटॉन घेण्यात जोरदार तो, म्हणजे जास्त बेसिक, तो आधी. "फोन नंबरासारखं पाठ करा." चाचणीचा पेपर बाहेरून आणलेला, त्यात विचारलं होतं वायू अवस्थेतला क्रम. मी ट्राय, डाय, मोनो, शेवटी अमोनिया असं लिहिलं. सरांनी लाल पेनाने काट मारली आणि शेजारी 213 लिहिलं, दोन उद्गारचिन्हांसकट. विचारायला गेलो तर सगळ्या वर्गासमोर, "पेपर तू तपासतोस की मी?"

अहो, वायूत पाणी कुठून आलं? तिथे मेथिल जितके जास्त तितका बेस जोरदार, तुमचं म्हणणं तिथे शंभर टक्के बरोबर. पाण्यात मात्र अमाईनने प्रोटॉन घेतल्यावर बनलेल्या आयनला पाण्याने हायड्रोजन बंधांनी सावरावं लागतं. धरायला मोनोच्या नायट्रोजनवर तीन हायड्रोजन, डायवर दोन, ट्रायवर एकच. शिवाय तीन मेथिलची गर्दी. ट्राय तिथे मार खातो. पीकेबी बघा (कमी म्हणजे बेस जोरदार): डाय 3.27, मोनो 3.38, ट्राय 4.22, अमोनिया 4.75. डाय आणि मोनोत फरक 0.11, आणि तेवढ्यासाठी आमची अख्खी बॅच घोकत बसली होती! इथिलमध्ये तर ट्राय 3.25, मोनो 3.29.

पण म्हणून ट्रायला लेचापेचा समजू नका. शिळ्या मासळीचा वास मुख्यतः त्याचाच. आई बांगड्याला कोकमाचं आगळ चोळून ठेवते, आम्लाचा प्रोटॉन घेऊन त्याचं मीठ होतं आणि वास उडायचा थांबतो. हेही सरांना सांगितलं होतं. वर्ग हसला.

ॲनिलिनला (बेंझिनच्या रिंगला जोडलेलं अमाईन) यात ओढू नका, त्याची इलेक्ट्रॉनची जोडी रिंगमध्ये गुंतलेली असते, पीकेबी 9.38. आणि हो, परीक्षेत माध्यम दिलं नसेल तर पाणीच धरा, मेथिलला 213, इथिलला 231 लिहा आणि मोकळे व्हा.

भाचा आता त्याच क्लासला जातो. परवा त्याची वही उघडली तर अमाईनच्या पहिल्या पानावर चौकटीत 213. मी शेजारी पेन्सिलीने 'फक्त पाण्यात' लिहून ठेवलंय.